आम्ही पाहिलेला चीन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चीनच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. सोळा दिवस एखाद्या देशात हिंडून त्याविषयी अधिकारवाणीने बोलणे म्हणजे देवळाचा कळस पाहून गाभाऱ्याचे वर्णन करण्यासारखे होय. त्यातून आम्हांस चिनी भाषेचा गंधही नाही. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते एका परक्या प्रवाशाने पाहिलेले व ऐकलेले आहे, एवढ्याच मोलाने आपण ते घ्यावे.

दुसराही एक संकोच होता. चीन हा आपला शेजारी खरा. पण १९६२ चे युद्ध आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवते आणि २०२० साली गलवानच्या खोऱ्यात जे झाले ते तर तरुणांनाही ठाऊक आहे. त्या देशाविषयी आपल्या मनात असलेली कटुता अकारण नाही, आणि ती विसरा असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. परंतु ज्याच्याशी वाकडे आहे त्याचेही घर डोळे उघडे ठेवून पाहावे, त्यात आपले काही नुकसान नाही, असे आम्हांस वाटते.

परक्याच्या डोळ्यांनी देश पाहण्याची ही रीत चिन्यांनीच आपल्याला शिकवली आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा भिक्षू वाळवंटे आणि हिमपर्वत ओलांडून भारतात आला. ६२९ साली निघालेला हा पुरुष ६४५ साली स्वदेशी परतला. मधल्या काळात तो चालुक्य पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात, येऊन गेला. येथील लोक साधे पण मानी आहेत, उपकार करणाऱ्याचे ते उपकार विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या डोंगरातील विहाराचे त्याने वर्णन केले तो अजिंठाच असावा, असे विद्वान मानतात. त्याने राजा पाहिला, सैन्य पाहिले, लेणी पाहिली. पण ही माणसे एकमेकांशी कशी वागतात हेही पाहिले, म्हणून त्याचे लिखाण आज चौदाशे वर्षांनीही उपयोगी पडते. आम्ही त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. परंतु प्रवासात तीच दृष्टी ठेवण्याचा यथाशक्ती प्रयत्न केला.

आम्ही उभयता २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात निघालो. त्या वेळी भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा बंद होती. ती पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. म्हणून हाँगकाँगमार्गे जावे लागले. महिन्याचा पहिला आठवडा चीनच्या राष्ट्रीय सुटीचा असतो व त्या दिवसांत सारा देश प्रवासाला बाहेर पडतो. तो आठवडा टाळून आम्ही गेलो, तरीही गर्दी कमी नव्हती.

परदेशी माणसाला तेथे पहिला धडा मिळतो तो फोनचा. पैसे फोनवर द्यावयाचे याचे आपल्याला नवल नाही, कारण आपला भाजीवालाही आता तसेच घेतो. पण तेथे उपाहारगृहातील पदार्थांची यादी, टॅक्सी, वस्तुसंग्रहालयाचे तिकीट, सारेच त्या एका पेटीत असते. वीचॅट आणि अलीपे या दोन व्यवस्थांवाचून पाऊल उचलत नाही. २०२३ पासून परदेशी कार्ड त्यांस जोडता येऊ लागले, म्हणून आमचे निभावले. उलट आपल्या ओळखीचे नकाशे आणि व्हॉट्सॲप हॉटेलातील वायफायवर उघडेनात. सरकारने ते बंद ठेवले आहे. आगगाडीच्या फाटकावर पारपत्र दाखविले की फाटक उघडते, वेगळे तिकीट लागत नाही. सोय मोठी आहे. परंतु आपण केव्हा कोठून कोठे गेलो याची नोंद कोठेतरी होत आहे, ही जाणीवही त्या सोयीबरोबर सतत राहते.

आमचा पहिला मुक्काम शीआन येथे होता. हीच तांग राजवटीची राजधानी, ह्युएनत्संग जेथे परतला ती. शहराच्या पूर्वेस १९७४ च्या मार्च महिन्यात काही शेतकरी विहीर खणीत असता मातीचे सैनिक सापडले. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एकछत्री करणाऱ्या छिन सम्राटाच्या थडग्याच्या रक्षणासाठी पुरलेली ती सेना होय. एकंदर मूर्ती आठ हजारांच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. आमच्या मनात मात्र एक वेगळीच गोष्ट राहिली. काही मूर्तींवर कारागिरांची नावे उमटविलेली आहेत. ती सन्मानासाठी नव्हेत. काम निकृष्ट निघाले तर कोणास धरावे हे कळावे म्हणून. ज्यांच्या हातांनी हे सारे घडले त्यांचे नाव टिकले ते शिक्षेच्या सोयीसाठी!

त्याच शहरात ‘मोठ्या रानहंसाचा’ म्हणून प्रसिद्ध असलेला मनोरा आहे. ह्युएनत्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो ६५२ साली बांधला गेला. आज त्याची उंची ६४ मीटर आहे आणि समोर त्या भिक्षूचा पुतळा उभा आहे. सायंकाळी तेथे तरुण मुली भाड्याने घेतलेले तांगकालीन पोशाख घालून, केसांत फुले माळून छायाचित्रे काढीत होत्या. आमच्या सौभाग्यवतींना त्यांनी हाताला धरून आपल्यात उभे केले. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. पण नऊवारी लुगड्याच्या निऱ्या कशा घालतात, हे त्यांना हातवाऱ्यांनी सांगण्यात अर्धा तास सहज गेला.

या मनोऱ्याची आणखी एक आठवण तेथील माहितीफलकावर वाचली, आणि पुढच्या साऱ्या प्रवासाचे सूत्र आम्हांस तेथे सापडले. तांग काळात राज्याच्या सर्वोच्च परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्वान आपली नावे या मनोऱ्यावर लिहीत असत. सम्राटाच्या कारागिराचे नाव शिक्षेसाठी, आणि परीक्षा दिलेल्या गरिबाच्या मुलाचे नाव गौरवासाठी. एकाच शहरात दोन्ही पाहावयास मिळाली.

शीआनहून बीजिंगला, ज्यास आमच्या लहानपणी पेकिंग म्हणत, आम्ही आगगाडीने गेलो. सुमारे बाराशे किलोमीटरचे अंतर पाच तासांच्या आत-बाहेर पार पडले. चहाच्या पेल्यातील पाणी हिंदकळत नव्हते. २००८ साली बीजिंग ते त्यानजिन ही पहिली ताशी ३५० किलोमीटरची गाडी धावली, आणि २०२४ च्या अखेरीस अशा द्रुतगती मार्गांची लांबी ४८,००० किलोमीटर झाली. सोळा वर्षांत एखादा देश एवढे करू शकतो, हे पाहून आम्हांस कौतुक वाटले आणि थोडी असूयाही वाटली, हे कबूल केले पाहिजे.

बीजिंगजवळ मूत्यान्यू येथे आम्ही महाभिंत पाहिली. सर्व राजवटींच्या भिंती मिळून लांबी २१,१९६ किलोमीटर भरते, असे २०१२ साली तेथील सरकारने जाहीर केले. चंद्रावरून ती दिसते ही मात्र निव्वळ दंतकथा आहे. २००३ साली अंतराळात गेलेल्या यांग लीवेई या पहिल्या चिनी अंतराळवीराने आपणांस ती दिसली नाही असेच सांगितले. ही भिंत सैनिकांनी, वेठीला धरलेल्या शेतकऱ्यांनी आणि कैद्यांनी बांधली. मंग ज्यांगन्यू नावाच्या स्त्रीची लोककथा चीनमध्ये घरोघर सांगतात. तिच्या नवऱ्याला लग्नानंतर लगेच भिंतीच्या कामावर धरून नेले. हिवाळा आला तेव्हा ती उबदार कपडे घेऊन त्याच्या शोधात निघाली. तो मेल्याचे कळताच ती इतकी रडली की भिंत कोसळून त्याची हाडे उघडी पडली. राजाने भिंत बांधली आणि लोकांनी ही कथा जपली. दोन्ही टिकल्या आहेत.

बीजिंगच्या मध्यभागी सम्राटाचा वाडा आहे. सामान्य माणसाला मज्जाव म्हणून त्याचे नाव ‘निषिद्ध नगर’ पडले. १४०६ ते १४२० या वर्षांत तो बांधला गेला आणि मिंग व छिंग या दोन घराण्यांचे २४ सम्राट तेथे नांदले. १९१२ च्या फेब्रुवारीत शेवटच्या सम्राटाने राज्यत्याग केला, १९२४ साली त्यास वाड्यातून बाहेर काढण्यात आले, आणि १० ऑक्टोबर १९२५ रोजी वाड्याचे संग्रहालय होऊन लोकांना तो खुला झाला. दक्षिणेच्या वूमेन नावाच्या महाद्वारातून आज हजारो माणसे आत जातात. या महाद्वाराची मधली कमान केवळ सम्राटासाठी राखलेली असे. महाराणीस तेथून प्रवेश मिळे तो आयुष्यात एकदा, लग्नाच्या दिवशी. आणि सर्वोच्च परीक्षेत पहिले तीन आलेल्या विद्वानांना निकालाच्या दिवशी एकदाच त्या कमानीतून बाहेर पडण्याचा मान मिळे. मंत्र्याला नाही, सेनापतीला नाही. पण एखाद्या दूरच्या खेड्यातील मुलाला, त्याने अभ्यास केला म्हणून, सम्राटाचा दरवाजा एक दिवस उघडत असे.

ही परीक्षापद्धती सातव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि १९०५ साली बंद झाली. तिची स्तुती करताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. स्त्रियांना ती नव्हतीच. नटांच्या आणि हलके मानलेल्या इतर काही व्यवसायांतील लोकांच्या मुलांनाही तिचे दार बंद होते. हे वाचून आम्ही चीनला हसू शकलो नाही. हलके मानण्याची विद्या आपल्याकडे कमी नव्हती.

त्या परीक्षार्थींची नावे बीजिंगच्या कन्फ्यूशिअस मंदिराच्या अंगणात आहेत. तेथे १९८ शिळा उभ्या असून युआन, मिंग आणि छिंग या तीन राजवटींतील ५१,६२४ यशस्वी विद्वानांची नावे, प्रत्येकाच्या गावासह, त्यांवर कोरली आहेत. सरूच्या जुन्या झाडांखाली आम्ही त्या शिळांमधून हिंडत होतो. एक वृद्ध गृहस्थ एका शिळेवरून बोट फिरवीत काहीतरी शोधीत होते. बराच वेळाने त्यांचे बोट थांबले आणि त्यांनी आपल्या नातवाला जवळ बोलावले. त्यांच्या गावचे नाव त्यांना सापडले असावे. ते दृश्य आम्ही विसरणार नाही.

आता आपण सर्वांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट सांगतो. हा दूरच्या खेड्यातील मुलगा परीक्षेसाठी राजधानीत येई, तेव्हा तो राहत असे कोठे? महिना-दोन महिन्यांचा प्रवास करून तो थकून येई. धर्मशाळेचे भाडे परवडत नसे, ओळख कोणाची नसे, आणि त्याच्या गावची बोली राजधानीत कोणाला कळत नसे. त्याच्यासाठी त्याच्याच जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या सुखवस्तू लोकांनी राजधानीत घरे बांधून ठेवली होती. त्यांस चिनी भाषेत ‘ह्वेइग्वान’ म्हणतात. बीजिंगच्या दक्षिण भागात अशी शेकडो घरे होती. तेथे मुलाला राहावयास खोली मिळे, आपल्या बोलीत बोलावयास माणसे मिळत. सणासुदीला मंडळी एकत्र जमत, आपल्या भागातील थोर पुरुषांची पूजा होई, आणि परगावी कोणी मेला तर त्याची शवपेटी गावी धाडण्याची सोयही तेथूनच होई. हे ऐकताना आम्हांस वाटले की हे तर आपलेच मंडळ! आपले बोर्डिंग, आपले स्नेहसंमेलन, आपला गुणगौरव समारंभ, अडल्यानडल्याला मदत, यांत आणि त्यांत काय अंतर आहे?

या घरांत लहानसहान माणसे राहून गेली नाहीत. सुधारणांसाठी १८९८ साली प्राण देणारा तान सीथोंग ल्यूयांग गावच्या ह्वेइग्वानात राहत होता. आधुनिक चिनी साहित्याचा जनक लू शून १९१२ ते १९१९ शाओशिंगच्या ह्वेइग्वानात राहिला आणि त्याने आपली पहिली मोठी कथा १९१८ साली तेथेच लिहिली. १८०७ साली बांधलेले हुनान व हुपै प्रांतीयांचे ह्वेइग्वान आम्ही पाहिले. अंगण सुबक आहे, आत लाकडी सज्जांचे जुने नाट्यगृह आहे. याच ठिकाणी १९१२ च्या ऑगस्टात सुन यत्-सेन यांच्या उपस्थितीत क्वोमिन्तांग पक्षाची स्थापना झाली. पुढे १९९७ साली तेथे पेकिंगच्या संगीतनाट्याचे संग्रहालय झाले.

परंतु बाकीच्यांचे काय झाले? १९०५ साली परीक्षा बंद झाली आणि परीक्षार्थी येईनासे झाले. १९२८ साली राजधानी नानजिंगला गेली आणि आश्रयदातेही गेले. घरे उरली, विश्वस्त उरले, भाडी आणि भांडणे उरली. १९४९ च्या क्रांतीनंतर ती सरकारजमा झाली आणि एकेका अंगणात वीस-वीस बिऱ्हाडे राहू लागली. अशाच एका अंगणात आम्ही डोकावलो. सायकली, कोबीच्या जुड्या, वाळत घातलेले कपडे, आणि भिंतीत बसविलेला एक जुना लेख. त्या लेखावर देणगीदारांची नावे असावीत. तो कोणी वाचीत नव्हते.

आजच्या चीनमध्ये खेड्यातील मुलाचे काय होते, हे आम्हांस दोन ठिकाणी कळले. निषिद्ध नगराच्या शेजारी चोंगशान उद्यान आहे. रविवारी तेथे शेकडो वयस्क स्त्रीपुरुष कागद मांडून बसलेले दिसले. आम्हांस वाटले काही विक्री असावी. चौकशीअंती कळले की ते आपल्या मुलामुलींची स्थळे पाहत होते! वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही, सारे कागदावर लिहिलेले. मुले कामावर आणि आईबाप बागेत. आपला वधूवर मेळावा आठवून आम्हांस हसू आवरेना. पण दुभाष्या मुलीने त्या कागदांवरील एक ओळ आम्हांस दाखविली. बहुतेकांनी ‘बीजिंगचा हूकोऊ’ आहे की नाही ते आवर्जून लिहिले होते.

हा हूकोऊ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. १९५८ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंब आपल्या गावाशी जखडले गेले. पुढे कारखाने निघाले आणि खेड्यांतील माणसे शहरांत आली. आज अशा स्थलांतरित कामकऱ्यांची संख्या सुमारे ३० कोटी आहे. त्यांनी मनोरे बांधले, रूळ टाकले, पण त्यांची नोंद गावीच राहिली. लहान शहरांत हे नियम अलीकडे सैल झाले असले, तरी बीजिंग, शांघाय अशा महानगरांत ते अजून कडक आहेत. तेथे तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या मुलालाही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस सहसा आपल्या मूळ प्रांतात जाऊनच बसावे लागते. गाओकाओ नावाच्या या परीक्षेस २०२४ साली १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. म्हणून कित्येक मुले आईबापांपासून दूर, खेड्यात आजीपाशी वाढतात.

आमच्या हॉटेलच्या दाराशी घरोघर जेवण पोहोचविणारे तरुण विजेच्या दुचाक्यांवर थांबत. त्यांपैकी एकाशी आम्ही फोनवरील भाषांतराच्या साहाय्याने बोललो. तो होनान प्रांतातील होता. बायको येथेच एका उपाहारगृहात कामाला, आणि तेरा वर्षांची मुलगी गावी आजीजवळ. वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला, ते तिला भेटतात. त्याने आम्हांला विचारले, “काका, तुमच्या देशात खेड्यातील मूल शहरात शिकू शकते का?” आम्ही अभिमानाने सांगितले की शिकू शकते, आमचा कायदा कोणास अडवीत नाही. त्यावर त्याने फोन तोंडाजवळ धरून दुसरा प्रश्न विचारला. यंत्राने तो भाषांतरून दाखविला, “मग ते राहते कोठे?”

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्याच्या फोनची घंटा वाजली आणि तो जेवणाची पिशवी घेऊन धावला. आम्ही उत्तर द्यावयाचे राहिलो. खरे पाहता आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्याकडे हूकोऊ नाही. पण पुण्या-मुंबईत खाटेच्या भाड्याला जे पडते ते खेड्यातील किती बापांना परवडते?

शेवटचे दोन दिवस आम्ही राखून ठेवले होते ते शिच्याच्वांगसाठी. बीजिंगपासून द्रुतगती गाडीने सव्वा-दीड तासाच्या या शहरात, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीस राष्ट्रसभेने पाच डॉक्टर धाडले. त्यांत नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. बाकीचे कालांतराने परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ साली विवाह केला, आणि मुलाचे नाव ठेवले ‘यिन्‌ह्वा’. यिन् म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच वारले. आम्ही गेलो तेव्हा समाधीवर कोणीतरी ताजी शेवंतीची फुले ठेवून गेले होते. दोन सरकारांमधील भांडणे त्या फुलांच्या आड आली नव्हती.

त्या समाधीपुढे उभे असता आम्हांस वाटले की कोटणीस चीनच्या डोंगराळ खेड्यात गेले, तेव्हा तेथे त्यांच्या गावचे ह्वेइग्वान नव्हते. सोलापूरचे कोणी नव्हते, त्यांची भाषा बोलणारे कोणी नव्हते. ज्या शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली त्यांनी त्यांची जात विचारली नाही, आणि ज्या जखमींवर त्यांनी उपचार केले त्यांची त्यांनी विचारली नाही.

बंधुभगिनींनो, चीनचे भाषण आता संपले. घरचे थोडे बोलतो. आपल्या पूर्वजांनी पै-पै जमवून हे बोर्डिंग बांधले. आपल्या खेड्यांतील मुलांना शहरात कोणी खोली देत नव्हते, म्हणून बांधले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक ज्ञातींची वसतिगृहे उभी करविली, त्याच प्रेरणेतले हे काम. या बोर्डिंगात राहिलेल्यांची मुले आज सुस्थितीत आहेत आणि त्यांना येथील खोलीची गरज उरली नाही. गतवर्षी निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. येत्या सर्वसाधारण सभेपुढे, ही इमारत मंगल कार्यालयासाठी द्यावी, असा ठराव येणार आहे. उत्पन्न येईल, हे खरे. ठराव मांडणारे आपले ज्येष्ठ स्नेही आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च कोठून आणावा ही त्यांची चिंता रास्त आहे.

तरी आमची नम्र सूचना आहे की तो ठराव एक वर्ष लांबणीवर टाकावा, आणि त्या वर्षात घटनेतील ‘केवळ ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी’ हे शब्द काढून रिकाम्या खोल्या कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या गरजू खेडूत मुलामुलींना द्याव्यात. ही कल्पना नवी नाही. भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीला बसवून दाखविले. आपण शंभर वर्षे मागे आहोत, एवढेच. दुरुस्तीच्या खर्चासाठी आम्ही उभयता आमचा वाटा आजच चिटणीसांकडे देत आहोत. इतरांनीही यथाशक्ती द्यावा.

बीजिंगच्या त्या अंगणात आम्ही भिंतीतला लेख पाहिला, तेव्हा देणगीदारांची नावे कोणी वाचीत नव्हते. कन्फ्यूशिअस मंदिरात मात्र एक आजोबा नातवाला आपल्या गावचे नाव दाखवीत होते. आपल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरही देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे. त्याच्या शेजारी, येथे राहून शिकलेल्या मुलांच्या नावांचा फलक आपण अद्याप लावलेला नाही. तो लावावा, आणि त्यावर नावापुढे प्रत्येकाचे गाव लिहावे, जात लिहू नये, अशी आमची दुसरी सूचना आहे.

त्या होनानच्या तरुणाने विचारलेला प्रश्न अजून आमच्यापाशी आहे. त्याचे उत्तर आम्हांस येथून धाडता आले, तर चीनचा प्रवास सार्थकी लागला असे आम्ही समजू.